पूल तोडणाऱ्याचं काय करायचं

“दिल्या, शिडी,” असं संतोष टाकीच्या तळातून म्हणाला आणि माझ्या मुलानं, दिलीपनं, शिडी वर ओढून घेतली.

गुरुवार होता, चाकणच्या कंपनीला सुट्टी होती. कंपनीतलं घाण पाणी जिथं साठतं त्या जमिनीखालच्या टाकीत दोन माणसं होती. गणपत गाळात पालथा पडलेला. त्याला काढायला उतरलेला संतोष भिंतीला हात लावून उभा, पण त्याचे गुडघे वाकत चाललेले. वर संतोषचा धाकटा भाऊ बंडू शिडीवर पाय टाकत होता. दिलीपनं त्याची कॉलर धरून त्याला मागं खेचला, शिडी उपसून लांब फेकली आणि बंडूला आडवा पाडून त्याच्या छातीवर बसला. बंडूनं त्याचा अंगठा चावला, रक्त येईपर्यंत. दिलीप उठला नाही. बसल्या जागेवरून ओरडून त्यानं वॉचमनला फायर ब्रिगेडला फोन करायला लावला, कॉम्प्रेसरचा हवेचा पाइप टाकीत सोडायला लावला. तेवढ्यात संतोष खाली बसला. मग कलंडला. मग टाकीतून आवाज आला नाही.

मी तिथं नव्हते. त्या वेळी मी दिघीला घरात चिंचा फोडत होते आणि रेडिओ लावला होता.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सचं दुकान आहे. एप्रिल लागला की तिथं पोरापोरींची रांग लागते. परीक्षेचं हॉल तिकीट, आधार कार्ड, फोटो. मशीनमधून कागद गरम निघतो, पोरी तो हातात धरून फुंकर मारतात. परवा मी दूध आणायला गेले तर रांग रस्त्यापर्यंत आलेली. एक पोरगी फोटोत आपण कशा दिसतो म्हणून रडत होती आणि तिची आई म्हणत होती, “अगं, पेपर तपासणाऱ्याला तुझं तोंड दिसत नाही.” मला हसू आलं. आणि तो उन्हाळा आठवला. मी काही आठवणी काढत बसणारी बाई नाही. पण गरम कागदाचा वास आला की तो उन्हाळा येतोच, आता त्याला तीन वर्षं झाली तरी.

त्या वर्षी माझी नात सायली बारावीला होती. संतोषची मुलगी ऋतुजाही. आमच्यापासून तिसरं घर त्यांचं. दोघी एका बाकावर बसून शिकलेल्या. दिलीपनं माण गावातल्या एका ऑफिसातून जुना कॉम्प्युटर आणला होता, ते लोक जुने काढून टाकत होते. अभ्यासाला म्हणून आणला. त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा वाजायचा आणि मागून गरम हवा यायची. आधीच पत्र्याचं घर, त्यात ही हवा. मी पाय लांब घेऊन बसायचे.

अभ्यास व्हायचा, नाही असं नाही. पण संध्याकाळी तासभर दोघी एक खेळ खेळायच्या. त्याचं नाव इंग्रजी होतं, ते मला कधी म्हणता आलं नाही. मला वाटलं नुसती मारामारी असेल. मारामारी होतीच. पण त्यात गोष्टही होती आणि मी चिंचा फोडता फोडता ती ऐकायला लागले. पडद्यावर खाली इंग्रजी अक्षरं यायची, सायली ती मराठीत सांगायची. त्यातलं तिनं मनाचं किती घातलं ते तिलाच माहीत.

गोष्ट अशी. डोंगरात एक दरी. दरीवर दोरांचा पूल. पलीकडच्या गावात रानटी जनावरं घुसतात, माणसं पळत पुलाकडे येतात, जनावरं त्यांच्या मागं. अलीकडे पुलाची राखण करणारा एक माणूस उभा असतो. तो दोर कापतो. चाळीस माणसं पलीकडे राहतात. त्यात नायकाची धाकटी बहीण. नायक मोठा होतो आणि सगळा खेळभर त्या पूलवाल्याला शोधत हिंडतो. शेवटी तो सापडतो. म्हातारा झालेला, झोपडीत शेळ्या घेऊन राहणारा. मग खेळ थांबतो आणि तुम्हाला विचारतो, मारायचं की सोडायचं? दोन चौकोन येतात. एक दाबायचा.

त्या दोन चौकोनांपाशी दोघी आठ दिवस अडकल्या होत्या.

“मारायचाच,” सायली म्हणायची. “बहीण होती ती त्याची. एवढीशी.”

“आणि दोर नसता कापला तर?” ऋतुजा शांत पोरगी, पण मुद्दा सोडायची नाही. “जनावरं इकडं आली असती. इकडं पण एवढाल्या पोरी होत्याच ना.”

“मग जरा थांबायचं होतं. पाच मिनिटं.”

“केमिस्ट्रीच्या पेपरला पण तू मॅडमना पाच मिनिटं थांबा म्हणत होतीस. थांबल्या का?”

मग उशी फेकून मारणं व्हायचं.

मी मध्येच विचारलं, “त्या पूलवाल्याला पगार कोण देत होतं?”

दोघी हसायला लागल्या. “आजी, त्यात पगार नसतो.”

“मग तो पुलावर उभा कशाला होता? बिनपगारी? आणि बाकीचं गाव कुठं होतं? एवढा मोठा पूल एका माणसावर टाकून सगळे जेवायला गेले होते का?”

“ते दाखवलं नाहीये,” सायली म्हणाली.

“तेच दाखवायला पाहिजे होतं.”

पूलवाल्याच्या तोंडावर कपाळापासून हनुवटीपर्यंत व्रण होता. मी म्हटलं, हा कशाचा? सायली म्हणाली, तो व्हिलन आहे म्हणून. लहानपणी आमच्या गावच्या जत्रेत सोंगं निघायची, त्यात वाईट माणूस तोंडाला काजळी फासून यायचा. तसंच हे. मी चौथी शिकले आणि लग्न होऊन भोसरीला आले. मालक वारल्यावर निकेल चढवायच्या एका शॉपमध्ये अकरा वर्षं काम केलं. तिथं आम्हा बायकांच्या हातांवर, मनगटांवर, एकीच्या तर मानेवर ॲसिडचे व्रण होते. त्या हिशेबानं आम्ही सगळ्याच व्हिलन. तसं मी पोरींना सांगितलं. ऋतुजानं माझा हात ओढून घेतला, मनगटावरचा पांढरा डाग बोटानं पुसून पाहिला आणि म्हणाली, “जात नाही?” मी म्हटलं, “जायला तो काय पाहुणा आहे?”

मला खरा राग नायकाचा यायचा. तो कुठूनही उडी मारायचा. कड्यावरून, धबधब्यावरून, आगीतून. पडला की मरायचा आणि दोन मिनिटांनी त्याच दगडापाशी परत उभा. “मेला ना तो?” “मेला. आता येईल परत.” मी म्हटलं, परत यायचं नक्की असेल तर मी पण उडी मारीन. ह्याला शूर कशाला म्हणता? पूलवाल्याला एकदाच दोर कापायचा होता, परत फिरून तिथं उभं राहायचं नव्हतं. सायली म्हणाली, “आजी, तू ऋतुजाच्या पार्टीत गेलीस.” मी म्हटलं, मी कुणाच्या पार्टीत नाही, मला चिंचा फोडायच्यात.

सीईटी जवळ आली तशी माझ्या सुनेनं, कवितानं, कॉम्प्युटरचा माऊस काढून कपाटात कुलूप लावून ठेवला. खेळ तसाच राहिला. पूलवाला झोपडीत, नायक दारात, दोन चौकोन मध्ये.

आता गुरुवारचं सांगते. आपल्या ह्या पट्ट्यात कंपन्यांना सुट्टी रविवारी नसते, बऱ्याच ठिकाणी गुरुवारी असते. बाहेरगावचे पाहुणे रविवारी येतात आणि घरचा माणूस ड्युटीला गेलेला असतो, हे आम्हाला नवीन नाही. पण सुट्टी म्हणजे सगळ्यांना सुट्टी नाही. मशीन चालू असताना जी कामं होत नाहीत ती सुट्टीला काढतात. रंग, वायरिंग, पत्रे, आणि टाकी. टाकीतला पंप गाळानं अडकला होता. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस गणपत टाकी साफ करणार होता, तो नांदेडकडचा. संतोष फिटर, तो पंप बघणार होता. बंडू हाताखाली. दिलीप त्या दिवशी सुपरवायझर. सुट्टीच्या कामाला ओव्हरटाइम मिळतो म्हणून कुणी नाही म्हणत नाही.

सकाळी सातला संतोष दिलीपला हाक मारायला दारात आला. मी डब्यातून गूळ काढला आणि दोघांच्या हातावर एकेक खडा ठेवला. “खा. वास बाधत नाही.” संतोष म्हणाला, “काकू, मोठा द्या, गणपतला पण देतो.” मी मोठा दिला.

शॉपमध्ये आम्हाला रोज गूळ मिळायचा. शॉपचा शेठ स्वतः वाटायचा. गुळानं छातीतली घाण निघून जाते, गॅस लागत नाही, हे सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे. ह्या गल्लीत कामाला जाणाऱ्या किती जणांना मी तो गूळ देऊन ते सांगितलं असेल, मोजदाद नाही. गणपतनं नाकाला ओला रुमाल बांधला, गुळाचा खडा तोंडात टाकला आणि उतरला. तळाशी पाय टेकले तसा पडला. संतोषनं विचार केला नाही. त्याच्याही तोंडात गूळ होता.

फायर ब्रिगेडनं दोघांना वर काढून पिंपरीच्या हॉस्पिटलात नेलं. तिथं मी डॉक्टरांना विचारलं, गूळ खाल्ला होता, तरी असं कसं? तरुण डॉक्टर होते. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, “आजी, गूळ पोटात जातो. गॅस छातीत जातो.” एवढंच. सहासष्टाव्या वर्षी मला ते कळलं. चौथीच्या पुस्तकात असतं तर बरं झालं असतं.

गणपत त्याच दिवशी गेला. संतोष श्वासाच्या मशीनवर होता. आज काही सांगता येत नाही, उद्या बघू, असं रोज सांगायचे. आणि गल्लीत एकच बोलणं होतं. सख्खा भाऊ खाली मरतोय आणि दिल्यानं शिडी ओढली. अग्निशमनवाले, कंपनीतले साहेब दिलीपला म्हणाले, तू बरोबर केलंस, नाहीतर तीन झाले असते. पण साहेब आमच्या गल्लीत राहत नाहीत. नळावर माझी कळशी पुढं आली की बायका गप्प व्हायच्या. संतोषची बायको मंगल माझ्याकडे बघायचीच नाही. ते मला चाललं. मीही तिच्या जागी बघितलं नसतं.

एक दिवस बंडू दारात येऊन उभा राहिला. तीन दिवसांची दाढी, अंगात तोच शर्ट. “काकू, तुमच्या पोरानं माझ्या भावाला जिवंत गाडलं.”

मी म्हटलं, “तू जिवंत आहेस म्हणून हे ओरडतोयस.”

हे मी बोलायला नको होतं. खरं होतं, तरी नको होतं. बंडूनं दाराची कडी एवढ्या जोरात आपटली की ती वाकली. ती आजही नीट लागत नाही.

दिलीप आतल्या खोलीत असायचा. भिंतीकडे तोंड. अंगठ्याला पट्टी. कविता ताट ठेवायची, तासाभरानं उचलायची. भिंतीपलीकडे मिलिटरीची जागा आहे, तिकडून दुपारी गोळीबाराचा सराव ऐकू येतो, फट फट फट. आम्हाला त्याची सवय आहे. त्या दिवसांत प्रत्येक आवाजाला तो दचकायचा. मी त्याला दोनदा समजावलं, मग सोडून दिलं. समजावून माणूस जेवत नाही. फक्त त्याच्या खोलीच्या दाराची कडी मी काढून ठेवली. का काढली ते कवितानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

संतोषला मशीनवर आठवडा झाला असेल. भर दुपारी ऋतुजा आली. पाऊल वाजलं नाही, दार लोटून सरळ आत. केस विंचरलेले नाहीत, डोळे कोरडे. सायली पुस्तक घेऊन बसली होती, ती उठली आणि परत बसली.

“कॉम्प्युटर लाव,” ऋतुजा म्हणाली.

“माऊस कपाटात आहे.”

“काढ.”

किल्ली माझ्या कमरेला होती. मी दिली.

गिरणीसारखा पंखा सुरू झाला. झोपडी आली, म्हातारा आला, दोन चौकोन आले. ऋतुजानं माऊस हातात घेतला. सायलीनं तिचं मनगट धरलं.

“नको.”

“का? तूच म्हणत होतीस मारायचा.”

“तेव्हा म्हणत होते.”

“आणि आता?”

“आता... ऋतू, त्याला दुसरं काय करता आलं असतं?”

“थांबता आलं असतं. पाच मिनिटं.”

दोघींनी आपापल्या बाजू बदलल्या होत्या आणि दोघींनाही ते कळलं नव्हतं. मला कळलं, पण ती वेळ सांगायची नव्हती.

“तू तुझ्या पप्पांसाठी बोलतेयस,” ऋतुजा म्हणाली.

“आणि तू तुझ्या,” सायली म्हणाली आणि तिनं पडद्यावरच्या म्हाताऱ्याकडे बोट केलं.

“त्यानं भिंतीवर सगळ्यांची नावं कोरलीत बघ.” खरंच, झोपडीच्या भिंतीवर रेघोट्या होत्या, ते चाळीस जण. “विसरला नाहीये तो.”

“नावं कोरली म्हणजे झालं? आधी पलीकडे सोडायचं आणि मग नावं कोरत बसायचं?”

ऋतुजानं मनगट सोडवलं आणि ‘मार’चा चौकोन दाबला.

म्हाताऱ्यानं हात उचलला नाही. नायकानं तलवार घातली, तो पडला, शेळ्या इकडंतिकडं पांगल्या. मग पडदा काळा झाला आणि ज्यांनी खेळ बनवला त्यांची नावं खालून वर जायला लागली. किती तरी नावं.

“पुढं?” ऋतुजानं विचारलं.

“संपला,” सायली म्हणाली.

“बहीण?”

“बहीण कशी येईल?”

ऋतुजा त्या नावांकडे बघत बसली. मग म्हणाली, “मला वाटलं काहीतरी वाटेल.”

मी तिच्यापुढं पोळी आणि चिंचेचा ठेचा ठेवला. तिनं खाल्लं. दोन दिवसांची उपाशी होती, तीन पोळ्या खाल्ल्या. खाऊन झाल्यावर पाणी प्यायली आणि म्हणाली, “आजी, माझे पप्पा खालून काही बोलले होते का? बंडूकाका म्हणतो, त्याला काही ऐकू आलं नाही.”

मी म्हटलं, “मी तिथं नव्हते. जो होता त्याला विचार.” आणि आतल्या खोलीचा पडदा बाजूला केला.

दिलीप उठून बसला होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं हे तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं. साहेबांना नाही, पोलिसांना नाही, बायकोला नाही. ‘नाही, काही बोलला नाही’ असं म्हणाला असता तर पोरीनं विश्वास ठेवला असता. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटत होतं, खोटं बोल. आणि मला वाटत होतं, ह्यानं आता खोटं सांगितलं तर तो ह्या खोलीतून कधी बाहेर यायचा नाही.

“बोलला,” दिलीप म्हणाला. “‘दिल्या, शिडी’ म्हणाला.”

“मग?”

“मग मी वर ओढली.”

ऋतुजा उंबऱ्याशी सरकून बसली.

“सोडली असती तर तो चढला असता का, मला माहीत नाही,” दिलीप म्हणाला. “त्याचे पाय गेले होते. पण नक्की माहीत नाही. बंडू उतरला असता, हे नक्की होतं. मी बेरीज-वजाबाकी केली नाही, ऋतू. लोक म्हणतात मी डोकं चालवलं. डोकं नाही चालवलं. बंडूचा पाय दिसला आणि हात गेला.”

“तुम्हाला वाईट वाटतं का काका?”

“रोज ती हाक ऐकू येते.”

मग मी माझं सांगितलं, गुळाचं. तिच्या बापाच्या हातावर मीच ठेवला, गणपतसाठी मोठा खडा मीच दिला. पोरीनं एकाला मारून पाहिलं होतं, तर तिला बाकीचे पण माहीत असावेत असं मला वाटलं. गॅस मोजायचं यंत्र कंपनीनं आणलं नव्हतं. कॉन्ट्रॅक्टरनं माणूस पाठवला, मास्क पाठवला नाही. संतोष विचार न करता उतरला. दिलीपनं गणपतला रुमाल बांधून उतरू दिलं, सुपरवायझर असून. आणि मी गूळ वाटला. खेळात एकच पूलवाला असतो, ते बरं असतं.

ऋतुजा उठली. दारात थांबून तिनं विचारलं, “काका, सोमवारी माझी सीईटी आहे. ताथवड्याला सेंटर आलंय. बंडूकाका हॉस्पिटलमध्ये असतो. सोडाल?”

सोमवारी पहाटे दिलीपनं दाढी केली. अकरा दिवसांनी. गाडी पुसली. ऋतुजा मागं बसली, छातीशी प्लॅस्टिकच्या पिशवीत हॉल तिकीट. मंगल आपल्या दारात उभी होती, तिनं गाडी वळेपर्यंत बघितलं. पेपर होईपर्यंत दिलीप सेंटरबाहेर उन्हात उभा होता. सावलीला झाड होतं, पण तिथून गेट दिसत नव्हतं म्हणे. आला तो लाल होऊन. त्या रात्री त्यानं भाकरी मागून घेतली.

मे महिन्याच्या सुरुवातीला संतोषनं डोळे उघडले. आधी नुसते डोळे. मग बोटं. नळी काढल्यावर घसा असा झाला होता की बोलणं म्हणजे कागद फाडल्यासारखं. त्याला टाकीतलं काही आठवत नव्हतं. गणपत पडलेला आठवत होता, पुढं काही नाही. शिडी मागितल्याचं तर नाहीच. ते ऋतुजानं त्याला सांगितलं. लपवून ठेवायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. त्यानं ऐकून घेतलं आणि चहा मागितला. चार दिवस त्यानं दिलीपचं नाव काढलं नाही. पाचव्या दिवशी दिलीप पलंगाशी उभा राहिला तेव्हा त्या फाटक्या आवाजात म्हणाला, “दिल्या, लेका, शिडी ओढायची होती तर बंडूला कशाला ठेवलास वर? त्याची बायको म्हणत होती, दोन दिवस तरी शांतता मिळाली असती.” दिलीप हसला नाही. बाहेर जाऊन जिन्यात बसला आणि रडला, हे मला कवितानं सांगितलं. मी म्हटलं, बरं झालं.

गणपतची बायको गावाहून आली होती ती कंपनीच्या गेटवर भरपाईच्या कागदावर सही करून परत जाणार होती. दिलीप तिला भेटायला गेला, मला सोबत नेलं. काळीसावळी, किरकोळ बाई, हातात पिशवी. दिलीपनं हात जोडले. तिनं विचारलं, “तुमी होते का तिथं? ते काय म्हणले उतरताना?” दिलीपनं आठवून सांगितलं. उतरताना गणपत म्हणाला होता की गूळ चांगला आहे, गावाकडं असा मिळत नाही. बाईनं मान हलवली. “मग बरं. गोड तोंडानं गेले.” तिनं कुणाला दोष दिला नाही. मला त्याचाच जास्त त्रास झाला. तिच्यासाठी तर पूल नव्हता, दोर नव्हता, नायक नव्हता. मी तिला आमचा पत्ता आणि फोन नंबर लिहून दिला. दिवाळीच्या आधी तिचा फोन येतो, मुलगा आयटीआयला आहे, वेल्डिंग शिकतो. दिलीपनं त्याला फोनवर एकच सांगितलंय, कुणी काहीही म्हणो, मशीननं हवा मोजल्याशिवाय खड्ड्यात उतरायचं नाही. पोरगं म्हणालं, काका, हे तुम्ही मागच्या वेळी पण सांगितलं.

बंडू वर्षभर बोलला नाही. समोरून आला की पलीकडच्या बाजूनं जायचा, आणि आमची गल्ली दहा फुटांची, पलीकडची बाजू म्हणजे लोकांच्या ओट्यावरून. मग त्याला मुलगी झाली. बारशाच्या आदल्या दिवशी दारात आला, वाकड्या कडीकडे बघितलं आणि म्हणाला, “काकू, उद्या या. दिल्याला मी बोलावलेलं नाही, असं सांगा त्याला. पण येऊ दे.” दिलीप गेला. दोघं पंगतीत शेजारी बसले. बोलले जिलबीबद्दल.

आता ऋतुजा ताथवड्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. सायलीला तिथं जागा मिळाली नाही, ती दुसरीकडे तेच शिकते आणि भेटल्या की अजून भांडतात. परीक्षा संपली की दोघी मिळून एक छोटा खेळ बनवणार आहेत, कॉलेजातल्या कसल्या स्पर्धेसाठी. त्यातही एक पूल आहे. परवा मला विचारत होत्या, आजी, आमच्या खेळात पूलवाल्याचं काय करू?

मी म्हटलं, त्याच्या सोबत दुसरा माणूस उभा करा. एकट्याला ठरवायला लावू नका. आणि अलीकडच्या गावानं आधीच दुसरा पूल का बांधला नाही, ते दाखवा.

“मग गोष्टच होणार नाही, आजी,” सायली म्हणाली.

“नाही झाली तर नाही झाली.”

ऋतुजा मात्र वहीत लिहून घेत होती. तिनं विचारलं, आणि व्रण? मी म्हटलं, व्रण सगळ्यांना द्या. नायकाला, बहिणीला, शेळ्या राखणाऱ्याला. ती म्हणाली, शेळ्यांना पण? मी म्हटलं, शेळ्यांना नको, त्यांनी काय केलंय?

संतोष आता पूर्वीसारखं जड काम करू शकत नाही. जिना चढला की दम लागतो, कंपनीनं त्याला स्टोअरला बसवलंय. पाऊस, ऊन, काही असलं तरी सकाळी सातला तो दिलीपला हाक मारतो आणि दोघं एका गाडीवर जातात. गाडी दिलीप चालवतो.

टाकीत दोन माणसं उतरली, गणपत आणि संतोष. गणपत गेला. संतोष जगला. बंडू जगला. दिलीपही जगला, त्याला थोडा वेळ लागला.